पेसमेकर असलेल्या माणसाची नाडी: मोजायची कशी, ईसीजीशी ताडून पाहायची कशी

पेसमेकर बसवून आलेल्या माणसाच्या घरात आता ऑक्सिमीटर असतो, बीपीचे मशीन असते, नातवाच्या मनगटावर स्मार्ट घड्याळ असते. आकडे भरपूर मिळतात, चूक होते ती ते वाचताना. ऑक्सिमीटरवर ४० दिसले की ‘पेसमेकर बंद पडला’ म्हणून रात्री गाडी काढून जळगाव नाहीतर धुळे गाठले जाते. उलट, उन्हात दिवसभर पाणी न पिता भोवळ आलेल्या आजोबांची नाडी ६० भरली की घरचे निर्धास्त होतात. ईसीजीच्या टेबलाशी काम करताना या दोन्ही चुका मी वारंवार पाहतो. पहिल्या चुकीत पैसा आणि झोप जाते. दुसरीत माणूस जाऊ शकतो.

म्हणून एक क्रम पाळा. आधी मशीनमध्ये, म्हणजे पेसमेकरमध्ये, भरलेले आकडे, मग बसून मोजलेली नाडी, मग चालून मोजलेली, मग ईसीजी, आणि शेवटी मशीनची तपासणी.

इशारा: माणूस बेशुद्ध पडला, छातीत दुखत आहे, धाप थांबत नाही, तर काहीही मोजत बसू नका. १०८ ला फोन लावा. खालचे सगळे टप्पे शुद्धीवर असलेल्या, बोलत असलेल्या माणसासाठी आहेत. आणि ते साध्या पेसमेकरसाठी आहेत. झटका देणाऱ्या आयसीडी मशीनचे नियम वेगळे असतात.

## टप्पा १: मशीनमध्ये भरलेले आकडे लिहून घ्या

पेसमेकरचे कार्ड कपाटात, देवाच्या फोटोमागे किंवा मुलाच्या गाडीच्या डिकीत असते. ते शोधा आणि दोन्ही बाजूंचे फोटो घरातल्या दोघांच्या तरी मोबाइलमध्ये ठेवा. त्यावर कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक आणि बसवल्याची तारीख असते. पण नाडी समजून घ्यायला लागणारे आकडे बहुतेक वेळा कार्डावर नसतात. ते शेवटच्या तपासणीच्या छापील कागदावर असतात. तो कागद जपून ठेवा, हरवला असेल तर पुढच्या भेटीत मागून घ्या. वहीच्या पहिल्या पानावर एवढे उतरवा:

1. मोड, म्हणजे मशीन चालण्याची पद्धत. व्हीव्हीआय, डीडीडी अशी अक्षरे असतात. शेवटी ‘आर’ असेल तर हालचालीनुसार वेग वाढवण्याची सोय चालू आहे.
2. कमीत कमी वेग. बहुतेकांचा ६०, काहींचा ५० किंवा ७०.
3. जास्तीत जास्त वेग. साधारण १२० ते १३०.
4. झोपेचा वेग वेगळा ठेवला आहे का? असल्यास किती आणि किती ते किती वाजता?
5. हिस्टेरेसिस चालू आहे का? असल्यास किती?

पाचवा मुद्दा जवळजवळ कोणीच विचारत नाही आणि घोटाळा तिथेच होतो. हिस्टेरेसिस म्हणजे हृदयाला स्वतःहून चालण्याची दिलेली जास्तीची मुभा. कमीत कमी वेग ६० आणि हिस्टेरेसिस ५० असेल, तर हृदय स्वतःच्या ठोक्यांवर ५२, ५३ पर्यंत खाली आले तरी मशीन गप्प बसते. ५० च्या खाली गेले की मग ते ६० ने चालवू लागते. अशा माणसाची नाडी ५३ भरली तर काहीही बिघडलेले नसते.

मशीन मुळात कसे चालते तेही इथेच समजून घ्या, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. पेसमेकर सतत ठोके देत नाही, तो वाट पाहतो. वेग ६० ठेवला असेल तर एका ठोक्यानंतर तो १००० मिलिसेकंद, म्हणजे एक सेकंद थांबतो. तेवढ्यात हृदयाचा स्वतःचा ठोका आला तर घड्याळ पुन्हा शून्यावर, मशीन गप्प. नाही आला तर विजेची बारीक ठिणगी देऊन ठोका पाडतो. वेग ७० असेल तर ही वाट ८५७ मिलिसेकंदांची. म्हणून हृदय स्वतःहून ८० ने चालले असताना मशीन काहीच करत नसते, आणि ते बरोबरच असते.

तपासा: वहीत कमीत कमी वेगाचा आकडा नसेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही. ५५ हा आकडा कमी की बरोबर, हे त्याशिवाय ठरतच नाही.

## टप्पा २: नाडी हाताने, पूर्ण एक मिनिट

माणसाला पाच मिनिटे शांत बसवा. नुकतीच आंघोळ, जिना, चहा, तंबाखू झाली असेल तर अर्धा तास जाऊ द्या. ट्रॅक्टरवरून किंवा शेतरस्त्याने मोटरसायकलवरून आले असतील तर आणखी दहा मिनिटे थांबा. कारण चौथ्या टप्प्यात येईल.

मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटे ठेवा. अंगठ्याने नाडी पाहू नका, स्वतःच्याच अंगठ्यातली नाडी लागते. घड्याळाचा सेकंदकाटा समोर ठेवा आणि पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय इथे चालत नाही. एखादा ठोका हुकला तर आकडा चाराने बदलतो, आणि पेसमेकरवाल्याच्या बाबतीत चाराचा फरक घाबरवायला पुरेसा असतो.

मोजताना आकड्याइतकेच लक्ष तालाकडे द्या. वहीत आकड्यापुढे एक शब्द लिहा: ‘सारखी’, ‘मध्ये हुकते’ किंवा ‘पूर्ण विस्कळित’. डॉक्टरला या शब्दाचा आकड्याहून जास्त उपयोग होतो.

रोज मोजायची गरज नाही. मशीन नवे असताना पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे महिन्यातून दोनदा आणि त्रास होईल तेव्हा, एवढे पुरे. दिवसातून दहादा बोटाला ऑक्सिमीटर लावणारी घरे माझ्या पाहण्यात आहेत. त्यातून मिळते ती फक्त भीती.

## टप्पा ३: आकडा कमी आला तर

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश वाचा.

चोपड्याकडचे एक आबा होते. मुलगा त्यांना घेऊन आला आणि दारातूनच म्हणाला, “भाऊ, ऑक्सिमीटरवर अडतीस उनी. मशीन बंद पडी गयं.” आबा स्वतः चालत आले होते, पायातल्या चपला व्यवस्थित काढून टेबलावर चढले. मनगटाला हात लावला तर नाडी खरोखर ३८ लागत होती. ईसीजीचा कागद बाहेर आला तेव्हा त्यावर मिनिटाला ७६ ठोके होते. एक ठोका नीट, दुसरा वेळेआधी पडलेला, पुन्हा एक नीट, पुन्हा एक वेळेआधी. वेळेआधीच्या ठोक्याला हृदयात रक्त भरायला सवडच मिळत नाही, त्यामुळे तो मनगटापर्यंत पोचत नाही. ऑक्सिमीटर आणि बीपीचे मशीन रक्ताची लाट मोजतात, वीज मोजत नाहीत. त्यांना आबांचे निम्मेच ठोके दिसत होते. पेसमेकरला मात्र ते आगंतुक ठोकेही दिसत होते. प्रत्येक ठोक्यानंतर त्याचे घड्याळ शून्यावर जात होते, म्हणून तो गप्प होता. मशीन आपले काम चोख करत होते.

आबांना उपचार लागले, पण ते वेळेआधी पडणाऱ्या ठोक्यांसाठी. पेसमेकर बदलावा लागला नाही.

तेव्हा आकडा कमी आला तर या क्रमाने जा:

1. पाच मिनिटांनी पुन्हा हाताने, पूर्ण मिनिट मोजा.
2. झोपेचा वेग आणि हिस्टेरेसिस वहीत पाहा. पहाटे ५० हा आकडा कित्येकांना मुद्दाम ठेवून दिलेला असतो.
3. नाडी मध्ये हुकते का पाहा. घरात स्टेथोस्कोप असेल तर छातीवर लावून ठोके मोजा. छातीवर ७० आणि मनगटावर ४० असा फरक आला तर वेळेआधीच्या ठोक्यांची शक्यता मोठी.
4. कमीत कमी वेगापेक्षा पाचहून जास्त कमी, ताल सारखा, आणि हिस्टेरेसिस किंवा झोपेच्या वेगाने खुलासा होत नाही, असे दोनदा आले तर त्याच दिवशी ईसीजी काढा. त्रास नसला तरी काढा.

इशारा: कमी नाडीबरोबर डोळ्यापुढे अंधारी, झोक जाणे, धाप किंवा छातीत दुखणे असेल तर चारही पायऱ्या सोडा आणि निघा. मशीन बसवून थोडेच दिवस झाले असतील आणि ठोक्याच्या तालावर पोटाचा स्नायू उडत असेल किंवा सतत उचकी लागली असेल, तर मशीनपासून हृदयात गेलेली वायर हललेली असू शकते. तेव्हाही थांबू नका.

आकडा जास्त आला तर? बसल्याजागी, ताप किंवा धावपळ नसताना १२० च्या वर टिकून राहिला तर त्याच दिवशी ईसीजी. पेसमेकर हृदयाला हळू होऊ देत नाही, पण आपोआप वेगाने धावणाऱ्या हृदयाला तो आवरत नाही. तो आवरतो, हा गैरसमज फार पसरलेला आहे.

## टप्पा ४: चालून मोजा

‘बसून बरे वाटते, चालले की दम लागतो’ ही तक्रार असेल तर बसून काढलेला ईसीजी बहुधा साफ येतो आणि माणूस निराश होऊन घरी जातो. अशा वेळी नेहमीच्या चालीने सहा मिनिटे चालवा. थांबल्या थांबल्या पंधरा सेकंद मोजून चारने गुणा. इथे मिनिटभर मोजू नका, तोवर वेग उतरू लागतो.

नाडी बसल्याजागी ६० होती आणि चालूनही ६० च राहिली, तर हालचालीनुसार वेग वाढवणारी सोय बंद आहे किंवा कमी पडते आहे. ती बाहेरून, चिरफाड न करता बदलता येते. बहुतेक मशीनमधला सेन्सर शरीराचे हलणे ओळखतो, कष्ट ओळखत नाही. म्हणून सपाट रस्त्यावर हात हलवत चालले की वेग वाढतो, पण शरीर स्थिर ठेवून जड ओझे धरले, एका जागी बसून सायकलचे पेडल मारले, तर तेवढा वाढत नाही. आणि काहीच कष्ट नसताना ट्रॅक्टरच्या धक्क्यांनी किंवा खड्ड्यांतून जाणाऱ्या एसटीत वाढतो. शेतातून घरी आल्याबरोबर नाडी ९५ भरली म्हणून घाबरू नका. बसा, पुन्हा मोजा.

दुसरा प्रकार: दोन वायरींचे मशीन, हृदयाच्या खालच्या कप्प्यांकडे जाणारी वीज अडलेली, वय त्या मानाने कमी. असा माणूस चढाला लागला की नाडी ११०, १२० पर्यंत नीट चढते आणि एकदम निम्म्यावर येते. पाय जड होतात, दम कोंडतो. वरच्या कप्प्याचा प्रत्येक ठोका खालच्या कप्प्याला पोचवायला मशीनला ठरावीक वेळ लागतो. एक ठोका पोचवणे आणि त्यानंतर काही काळ कान बंद ठेवणे, यात मिळून ५०० मिलिसेकंद जात असतील तर १२० च्या वर मशीनला प्रत्येक दुसराच ठोका ऐकू येतो, आणि नाडी ६० वर घसरते. बिघाड नाही, आकड्यांची मांडणी आहे. पण चालल्यावर काय होते हे तुम्ही सांगितल्याशिवाय डॉक्टरला ते कळणार नाही.

चैत्रात सप्तशृंगी गडाला पायी जाणारे खान्देशातून हजारोंनी असतात, त्यांत पेसमेकरवालेही असतात. जाण्याच्या महिनाभर आधी ही चालण्याची चाचणी करा. पायऱ्यांवर नाडी निम्मी होऊन मग कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे. आणि जायचे की नाही, किती चालायचे, हे आपल्या डॉक्टरला विचारूनच ठरवा.

## टप्पा ५: नाडी जे सांगत नाही

भुसावळ, जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. अंगातले पाणी कमी झाले की निरोगी माणसाची नाडी वाढते, आणि नाडी वाढली म्हणून घरचे सावध होतात. ज्याच्या हृदयाचा वेग पूर्णपणे मशीनच ठरवते त्याच्यात ही सूचना येतच नाही. त्याच्या सेन्सरला ताप, जुलाब, उन्हाचा तडाखा यांतले काही कळत नाही. वरचा रक्तदाब ९० पर्यंत उतरला तरी नाडी ६० ची ६० च. म्हणून उन्हाळ्यात, जुलाबात, तापात अशा माणसाचा रक्तदाब पाहा, लघवी कमी झाली का पाहा, उभे राहताना तोल जातो का पाहा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला लगेच फोन करा.

यातच पोटॅशियमचा मुद्दा येतो. रक्तात पोटॅशियम फार वाढले की हृदयाचा स्नायू मशीनच्या ठिणगीला दाद देत नाही. ठिणगी पडते, ठोका पडत नाही. मूत्रपिंड कमजोर आहे, पोटॅशियम वाढवणारी स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी चालू आहे आणि रोज पोटॅशियम भरपूर असलेली केळी, शहाळ्याचे पाणी चालले आहे, अशा माणसाची रक्ततपासणी लांबवू नका. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीला नाही म्हणणे अवघड असते, मला ठाऊक आहे. ज्यांची मूत्रपिंडे चांगली आहेत त्यांनी केळीला घाबरण्याचे कारण नाही.

## टप्पा ६: ईसीजी काढताना आणि वाचताना

ईसीजी त्रास चालू असताना काढलेला सगळ्यात मोलाचा. ‘बरे वाटले की जाऊ’ असे करू नका. टेबलावर झोपण्याआधी तीन गोष्टी सांगा: पेसमेकर आहे, तो एका वायरीचा की दोन, आणि वेग किती ठेवला आहे. मग लांब पट्टी मागा, म्हणजे सलग दहा सेकंदांची. त्या पट्टीवरचे ठोके मोजून सहाने गुणले की मिनिटाचा वेग मिळतो. ताल सारखा असेल तर दोन ठोक्यांमधल्या कागदावरच्या मोठ्या चौकटी मोजा: पाच असल्या तर वेग ६०, सहा असल्या तर ५०, चार असल्या तर ७५. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने चालत असेल तरच हे गणित लागू पडते.

कागदाच्या माथ्यावर छापून आलेल्या वेगावर विसंबू नका. ईसीजीचे मशीन कधी पेसमेकरची ठिणगी आणि ठोका दोन्ही वेगवेगळे मोजते आणि वेग दुप्पट छापते. छापील निदानावरही विसंबू नका. पेसमेकरने पाडलेला ठोका रुंद असतो, कारण वीज नेहमीच्या वाटेने न जाता उजव्या बाजूच्या टोकाकडून पसरत जाते. त्या रुंदीला संगणक कधी ‘जुना झटका’ (पूर्वी येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका) म्हणतो, कधी ‘बंडल ब्लॉक’ (हृदयातली वीज नेणारी वाट अडलेली).

वेग बदलला की कागद बदलतो, आणि तिथे अनुभवी माणसाचीही फसगत होते. नेहमी दिसणाऱ्या गोष्टी अशा:

* ठिणगीची रेघ कुठेच नाही. स्वतःचा वेग मशीनच्या वेगाहून जास्त असेल तर ती नसणारच. नव्या मशीनची रेघ इतकी बारीक असते की असूनही दिसत नाही.
* काही ठोके रुंद, काही अरुंद, काही मधलेच. स्वतःचा वेग ६१, ६२ आणि मशीनचा ६० असेल तर दोघांचे ठोके एकमेकांवर पडतात. हे बिघाडासारखे दिसते, पण बिघाड नसतो.
* मशीन गप्प असताना स्वतःच्या ठोक्यांत टी लहर (ठोक्याच्या रेघेमागून येणारी गोलसर लहर) उलटी. बरेच दिवस मशीनवर चाललेले हृदय स्वतःच्या ठोक्यावर परतले की काही काळ असे दिसते.
* क्यूटी, म्हणजे ठोक्याच्या सुरुवातीपासून टी लहर संपेपर्यंतचा वेळ, लांबल्याचा छापील शेरा. ठोकाच रुंद असल्याने क्यूटी लांब भरणारच. वेग वाढला की क्यूटी आखूड होते, वेग उतरला की लांबते. म्हणून वेगाशी जुळवल्याशिवाय दोन कागदांवरच्या क्यूटीची तुलना करू नये.

इशारा: उलटी टी लहर पेसमेकरमुळे असू शकते, हे वाक्य छातीत दुखत असलेल्या माणसाला लागू करायचे नाही. दुखत असेल तर हृदयविकाराचा झटका नाही हे डॉक्टरने ठरवायचे, रक्ततपासणीसह.

खरी काळजीची खूण एकच सांगतो, ती डोळ्यांत भरून घ्या: ठिणगीची उभी रेघ आहे आणि तिच्यामागे ठोका नाही. एकदा दिसली तरी तो कागद लगेच डॉक्टरपुढे ठेवा. मॉनिटरवर रेघा येत राहणे आणि हृदय चालत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शंका आली की मनगट किंवा मान चाचपा.

जुना ईसीजी सोबत न्या. पेसमेकरवाल्याचा आजचा कागद एकटा फारसे बोलत नाही.

इशारा: घरी चुंबक लावून मशीन ‘तपासू’ नका. चुंबकाखाली पेसमेकर हृदयाचे ऐकणे सोडतो आणि ठरावीक वेगाने ठोके देत राहतो. ती चाचणी दवाखान्यात, ईसीजी चालू असतानाच करायची. चुंबकवाले मोबाइल कव्हर आणि इयरफोन वरच्या खिशात ठेवू नका, किमान १५ सेंटिमीटर अंतर राखा.

## टप्पा ७: मशीनची तपासणी

पहिली तपासणी दोन-तीन महिन्यांत, पुढे सहा ते बारा महिन्यांनी. त्रास नाही म्हणून ती टाळू नका. बॅटरी उतरत आल्याचे नाडीवरून सहसा कळत नाही. काही मशीन मात्र बदलण्याची वेळ आली की आपोआप ६५ या ठरावीक वेगावर जातात. ६० ची नाडी कोणी न बदलता रोज नेमकी ६५ भरू लागली आणि मशीन आठ-दहा वर्षांचे असेल, तर फोन करा.

ज्या कंपनीचे मशीन, त्याच कंपनीचा प्रोग्रामर (पेसमेकर बाहेरून वाचायचे आणि त्यातले आकडे बदलायचे यंत्र) लागतो. दुसऱ्या कंपनीचा ते वाचू शकत नाही. कोणाचे मशीन नाशिकला बसवलेले, कोणाचे मुंबईला, नंदुरबारकडच्यांचे पुष्कळदा सुरतला, आणि जवळच्या गावात कंपनीचा माणूस ठरलेल्या दिवशीच येतो. न विचारता निघालेली कितीतरी माणसे दोन तासांचा प्रवास करून तशीच परत जाताना पाहिली आहेत. निघण्याआधी फोन करून कंपनी आणि मॉडेल सांगा, तो प्रोग्रामर त्या दिवशी आहे का विचारा. कार्ड हरवले असेल तर बसवलेल्या दवाखान्याचा डिस्चार्ज कागद शोधा. तोही नसेल तर छातीच्या एक्स-रेवर मशीनची खूण दिसते, त्यावरून कंपनी ओळखता येते.

तपासणीच्या खोलीत वही उघडी ठेवा आणि विचारा:

1. किती टक्के ठोके मशीनचे आहेत?
2. वेळेआधीचे किंवा वेगाने धावलेले ठोके नोंदले गेले आहेत का, कोणत्या तारखांना?
3. चालताना वेग पुरेसा वाढतो का?
4. आज कोणता आकडा बदलला?

‘अशक्तपणा वाटतो, वेग ६० चा ८० करून द्या’ असा हट्ट धरू नका. वेग वाढवला की मशीनचे ठोके वाढतात, बॅटरी लवकर उतरते, आणि उजव्या बाजूकडून पाडलेले ठोके फार वाढले तर काही जणांच्या हृदयाची पंपाची ताकद कालांतराने कमी होते. उलट, काहींचा वेग ७० किंवा ८० मुद्दाम ठेवलेला असतो, कारण त्यांच्या हृदयात ठोके संथ झाले की घातक ताल सुरू होण्याचा धोका असतो. त्यांनी ‘शेजाऱ्याचा ६० आहे’ म्हणून कमी करून मागू नये. आपला आकडा का ठेवला, हे डॉक्टरला विचारा आणि वहीत लिहा.

खोलीतून बाहेर पडण्याआधी नवा छापील कागद मागून घ्या. त्यावरचे आकडे वहीच्या पहिल्या पानावर उतरवा, जुन्यांवर काट मारा आणि तारीख टाका.